अझॅथायोप्रिन : घाबरायचं कशाला आणि जपायचं काय?

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारांच्या रुग्णाला डॉक्टर अझॅथायोप्रिन लिहून देतात. घरी कुणीतरी मोबाइलवर त्या गोळीचं नाव शोधतं. किडनी प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती, कॅन्सर असे शब्द दिसतात आणि पाकीट न फोडताच कपाटात जातं.

‘ही कॅन्सरची गोळी आहे.’
नातं खरं आहे. हे औषध शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि ते गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनातून आलं. दोघांना १९८८चं नोबेल मिळालं. आतड्याच्या आजारात मात्र स्वतःच्याच आतड्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरणं एवढंच या गोळीचं काम.

‘तिच्यामुळेच कॅन्सर होतो.’
लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका वाढतो, हे लपवायचं कारण नाही. पण फ्रान्समधल्या सुमारे साडेएकोणीस हजार रुग्णांच्या २००९च्या अभ्यासात, ही औषधं घेणाऱ्या पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तो वर्षाला हजारात एकालाही होत नव्हता. पासष्टीनंतर तो बराच वाढतो, म्हणून त्या वयात डॉक्टर हात आखडता घेतात.

‘पंधरा दिवस झाले, काही फरक नाही.’
पडणारही नाही. गुण यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर स्टिरॉइड आग विझवतं आणि लगेच बरं वाटतं, म्हणून रुग्णांना तेच आवडतं. पण आजार कायम आटोक्यात ठेवणं त्याला जमत नाही. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. भीती वाटायचीच असेल तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडची वाटावी.

‘बरं वाटतंय, मग रक्ततपासणी कशाला?’
सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पांढऱ्या पेशी घसरत असताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही जणांत हे औषध निकामी करणारी एन्झाइम्स जन्मतःच दुबळी असतात. युरोपीय लोकांत टीपीएमटी या एन्झाइमचा दोष महत्त्वाचा ठरतो, तर आपल्यासह आशियाई लोकांत बऱ्याचदा एनयूडीटी१५ या जनुकाचा. म्हणजे टीपीएमटीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. एनयूडीटी१५ची तपासणी आता उपलब्ध आहे, पण ती केली तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकत नाही: सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी, सोबत लिव्हरच्या तपासण्या. पहिल्या काही आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळू लागले, ताप आला किंवा घशात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी करावी. वरच्या पोटात असह्य दुखलं तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. अशा वेळी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

‘प्रतिकारशक्ती कमी होते, मग काढे घेऊन भरून काढू.’
प्रतिकारशक्ती संपत नाही, थोडी नमते. ती बाहेरून चेतवणं म्हणजे औषधाच्या उलट ओढणं. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांना लिव्हरची इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं होतं. काढ्यापेक्षा फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र विचारल्याशिवाय नकोत.

‘दिवस राहिले की बंद.’
याच आजारांत कधी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट नक्की बंद, तेही गर्भधारणेच्या काही महिने आधीपासून. अझॅथायोप्रिन मात्र सहसा चालू ठेवतात, कारण गरोदरपणात उफाळलेला आजार बाळाला अधिक घातक असतो.

आणि एक लक्षात ठेवा. युरिक ॲसिडसाठी दिली जाणारी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबक्सोस्टॅट सोबत घेतल्यास अझॅथायोप्रिन शरीरात साचतं आणि पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घसरू शकतात. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी गुडघा दाखवायला गेलात तरी, ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.