'उष्णता झाली' म्हणजे नेमकं काय झालं?

अकोल्यात चैत्र सरत आला की लहान मुलाच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव मिळतं. तोंडाभोवती पुरळ आलं, उष्णता झाली. घोळणा फुटला, उष्णता. जुलाब लागले, लघवीला जळजळलं, डोळे चिकटले, रात्रभर किरकिर केली, तरी उष्णताच. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथेही हाच शब्द, फक्त उन्हाळा वेगळा. या दोन उन्हाळ्यांमध्ये दोन मुलं वाढवताना मला कळत गेलं की बराचसा घोळ या शब्दातच आहे.

एक उष्णता मोजता येते: हवेची, खोलीची, अंगाची. दुसरी आपण पदार्थांना लावलेली असते. आंबा उष्ण, सब्जा थंड, अंडं उष्ण, ताक थंड. दोन्हींना शब्द एकच, म्हणून पहिलीने बेजार झालेल्या मुलावर आपण दुसरीचे उपाय करत बसतो. पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापलेली असते आणि आपण मुलाचा आंबा बंद करतो. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय चोळले की मूल शांत झोपतं. मी आजही चोळते, कारण त्या स्पर्शाने मुलाला खरंच बरं वाटतं. पण त्याने अंगाचं तापमान उतरत नाही.

"बाळ नाजूक आहे, वारं लागू देऊ नका"

माझ्या नणंदेची मुलगी मे महिन्यात जन्मली. बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात आतली. खिडक्या लावलेल्या, कूलर बंद. बाळाला झबलं, त्यावर घट्ट गुंडाळलेलं दुपटं आणि डोक्याला कानापर्यंत बांधलेलं टोपडं. पहिले दोन-तीन दिवस बाळ भरपूर रडलं, मग रडणं कमी झालं. घरात सगळ्यांना वाटलं, बाळ शांत स्वभावाचं आहे. सहाव्या दिवशी लंगोट बदलताना मला ओल्या कापडावर विटकरी रंगाचा डाग दिसला. आधी वाटलं रक्तच आहे. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी काही विचारण्याआधी टोपडं काढलं, मग दुपटं सोडलं.

तो डाग रक्ताचा नव्हता. पोटात दूध कमी गेलं की लघवी घट्ट होते आणि त्यातले युरेटचे स्फटिक कापडावर विटकरी उमटतात. जन्मल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत असा डाग दिसला तर फारसं वावगं नाही. पण पाचव्या-सहाव्या दिवशीही दिसत असेल, तर बाळाला पुरेसं दूध मिळत नाही, असं समजायचं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा. गुंगीत पडलेलं, कमी रडणारं, कमी चोखणारं बाळ 'गुणी' असतंच असं नाही. आणि इतक्या लहान बाळाचं अंग गरम लागलं, तर ते उन्हानेच झालं असं घरी ठरवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, कारण जंतुसंसर्गही असाच दिसतो.

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि अंगातली उष्णता बाहेर जाण्याची ती मोठी वाट असते. थंडीत टोपडं घालायचं ते याचसाठी. मग ४३ अंशांच्या दुपारी तेच टोपडं काय करत असेल? मोठ्या माणसाच्या तुलनेत बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि घाम कमी येतो, त्यामुळे तापलेल्या खोलीत बाळ आपल्यापेक्षा लवकर तापतं. मलमलचं एक पातळ झबलं पुरतं. कूलरचा झोत थेट अंगावर नको, पण हवा खेळती हवीच. बाळाला गरम होतंय की गार, हे हातापायांवरून कळत नाही. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावं.

याच खोलीत आणखी दोन समजुती नांदत असतात. पहिली: उन्हाळा आहे, बाळाला चमचाभर पाणी पाजा. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायला सांगते आणि त्याला कडक उन्हाळ्याचा अपवाद नाही. पाण्याने एवढंसं पोट भरतं आणि बाळ दूध कमी ओढतं. पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. मध चाटवणं तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत नकोच, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दुसरी समजूत बाळंतिणीच्या वाट्याला येते. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, म्हणून तिला पाणी मोजून दिलं जातं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार होतं. हे पाणी तिच्याच अंगातून जातं, शिवाय घामावाटे जातं ते वेगळं. नणंदेला तहान लागायची आणि ती मागायला संकोचायची, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वाक्याची सल मला अजून आहे. बाळंतिणीच्या हाताशी भरलेला तांब्या असावा आणि तिने किती प्यावं हे कुणी मोजू नये.

घामोळ्यांवर पावडर थापण्याचं कामही बहुतेक याच खोलीत चालतं. घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बंद झाली की घामोळं उठतं. त्यावर पावडरचा थर बसला की घामाने तिचा लगदा होऊन तीच तोंडं आणखी बुजतात, आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते. गार पाण्याने अंग पुसणं, कोरडं करणं आणि उघडं ठेवणं, एवढंच पुरतं.

"आंब्याने गळवं येतात"

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याने अंग उततं हे आपल्याला ठाऊक असतं, पण आंब्याच्या देठाशी जो चीक असतो त्यातही त्याच जातीची दाहक द्रव्यं असतात, हे लक्षात येत नाही. रत्नागिरीला आंबे उतरवताना चीक उडाला की गड्यांच्या हातावर काळे चट्टे पडायचे, ते मी लहानपणापासून पाहिलेत. मूल सालीसकट आंबा चोखतं, चीक ओठांना आणि गालांना लागतो आणि दोन दिवसांनी पुरळ उठतं. गळू मात्र जिवाणूंमुळे होतं. उन्हाळ्यात घाम, धूळ आणि खाजवलेलं घामोळं यांमुळे त्या जिवाणूंना वाट मिळते. आंबे आणि गळवं एकाच महिन्यात येतात, म्हणून दोष आंब्यावर जातो.

आजी आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात टाकून ठेवायची, 'उष्णता निघून जाते' म्हणायची. कृती अगदी बरोबर होती, कारण साल धुतली जाते आणि चीक निघतो. मी त्यात एवढीच भर घालते की देठाकडचा भाग कापून पहिले चार थेंब पिळून टाकायचे आणि लहान मुलाला फोडी करून द्यायच्या. काळजी करायचीच असेल तर आंबा पिकवला कसा याची करावी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, कारण त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. गवताच्या अढीत पिकलेला आंबा मुलाने पोटभर खाल्ला तर मी त्याला अडवत नाही.

खिशातल्या कांद्याबद्दल थोडक्यात सांगते. तो ऊन शोषून घेत नाही. कांदा खिशात आहे म्हणून मूल भर दुपारी बाहेर राहिलं, तर मात्र त्यामुळे नुकसान होतं.

घोळणा फुटला की मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओततात. 'मस्तकात गेलेली उष्णता' रक्तावाटे बाहेर पडते, असं मानतात. खरं तर कोरड्या हवेने नाकाच्या पडद्यावरचं पातळ आवरण सुकतं, मूल बोट घालतं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. मुलाला बसवावं, किंचित पुढे वाकवावं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरावा. मध्ये सोडून पाहण्याचा मोह आवरला तर बहुतेक वेळा रक्त थांबतं. अर्ध्या तासातही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे न्यावं.

"दात येतायत, जुलाब होणारच"

या एका वाक्यापायी आजवर किती मुलांना उशिरा दवाखान्यात नेलं असेल, या विचाराने जीव कासावीस होतो. दात येण्याने हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, पण जुलाब लागत नाहीत. मूल त्याच वयात रांगू लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं आणि आईकडून जन्मतः मिळालेलं संरक्षण ओसरत असतं. त्यात उन्हाळा म्हणजे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी, साठवलेले ड्रम आणि सकाळचा वरणभात दुपारी आंबलेला. जंतू पोटात जायला एवढं पुरेसं असतं.

जुलाबात जीवाला धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार जाण्याचा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी ड्रममध्ये बनवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे त्याच पाण्याचं सुधारलेलं रूप.

त्या पुडीचं सगळं बळ तिच्या प्रमाणात आहे. आतड्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. साखर वाढली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून एक लिटरची मोठी पुडी चमच्या-चमच्याने पेल्यात कालवणं ही आपल्या घरांतली फार मोठी चूक आहे. पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाकायची आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. छोट्या पुड्याही मिळतात, त्यांवर लिहिलेलं पाण्याचं माप वाचावं. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध, मऊ भात, खिचडी थांबवायची नाही. जुलाब थांबले तरी झिंकचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस पूर्ण करायचं.

दुकानात फळांच्या चवीच्या गोड पेयांच्या खोक्यांवरही बरीच वर्षं 'ओआरएस' ही अक्षरं झळकत होती. त्यांत साखर कितीतरी पट जास्त असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. तरी खरेदी करताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहावं.

"कूलर लावला, आता काळजी नाही"

लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी अकोल्याचा कूलर पाहून थक्क झाले आणि रत्नागिरीला एक घेऊन द्यावा म्हणून हट्ट धरला. घेतला, आणि चार दिवसांत तो अडगळीत गेला. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. कोकणातली हवा आधीच ओली, तिथे पाण्याची वाफ होणार कुठे? घामही त्याच कारणाने वाळत नाही. म्हणून हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, पण किनाऱ्यावर ३७ पासूनच. आकडा कमी दिसला म्हणून मुंबई-रत्नागिरीच्या आईने निर्धास्त राहू नये.

विदर्भातली चूक वेगळी असते. गारवा बाहेर जाईल म्हणून खिडक्या बंद करतात. मग खोलीतली हवा ओली होत जाते आणि तासाभरात मूल घामाने निथळतं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी हवी. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतून घासून, वाळवायला हवं. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात. आमच्याकडे शनिवारी हे काम मुलं करतात, आणि त्यासाठी भांडतात. नुसता पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. खोलीच ४० अंशांच्या वर गेली तर तो गरम हवाच अंगावर मारतो, अशा वेळी अंगावर ओला पंचा हवा.

"घरातच तर आहे, ऊन कसं लागेल?"

पत्र्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, बंद गाडीत मुलाला उन्हात न जाताही उष्माघात होतो. ऊन खात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. 'घाम येतोय, म्हणजे ठीक आहे' हेही खरं नाही. उष्माघातात अंग कोरडं असू शकतं आणि घामेजलेलंही. अंग ४० अंशांच्या वर तापलेलं आणि त्यासोबत मूल बरळतंय, तोल जातोय, गुंगीत आहे किंवा झटका आला, तर तो उष्माघात.

तापाचं औषध इथे काम करत नाही. तापात मेंदूने स्वतःच अंगाचं तापमान वर चढवलेलं असतं आणि औषध ते खाली आणतं. उष्माघातात मेंदूने काही चढवलेलं नसतं, अंगातली उष्णता बाहेर पडू शकलेली नसते. ती बाहेर काढायला पाणी आणि वाराच लागतो. मुलाला सावलीत किंवा न्हाणीत न्यावं, कपडे उतरवावेत, माठातलं, नळाचं, जे हाताशी असेल ते पाणी सगळ्या अंगावर ओतावं, पंखा लावावा किंवा सुपाने वारा घालावा. मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवावीत. मूल पुरतं शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, पन्हं नको, पाणीही नको. एकाने १०८ ला फोन लावावा, आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत दुसऱ्याने पाणी ओतत राहावं.