दूरच्या पंपास रेडिओची आज्ञा

विहीर वस्तीपासून दूर असली की रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारातून जावे लागते. हे काम ‘लोरा’ पद्धतीचे रेडिओसंच करू शकतात. अशा अल्पशक्ती संचांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा २०२१ च्या नियमांनुसार विनापरवाना खुला आहे. संचास कळणाऱ्या आज्ञांची सूची, म्हणजे ‘एपीआय’, उत्पादक देतो. तिच्या आधारे जाणकार तरुणास सोयीची आज्ञावली लिहिता येते.

खरी मेख पुढेच आहे. ‘बंद’ ही आज्ञा वाटेत हरवली आणि विहिरीचा तळ लागला, तर मोटार जळेल. म्हणून पंपाकडून पोच आल्यावाचून आज्ञावलीने काम झाले असे मानू नये. शिवाय, काही मिनिटे संदेश न आल्यास पंपाकडील संचाने आपण होऊन पंप थांबवावा. घरचा संच मुद्दाम बंद करून हे एकदा पाहून घ्यावे.