कावीळ उतरली, पण उपचार अर्धेच झाले

बचत गटाच्या सभेत हप्ता का थकला असं विचारलं, की आम्हाला पुष्कळदा एकच उत्तर मिळतं : "मालकांना दवाखान्यात ठेवलं होतं, पोटात पाणी झालं होतं." पाणी काढतात, कावीळ उतरते, माणूस घरी येतो आणि महिन्याभरात पुन्हा प्यायला लागतो. पुन्हा दवाखाना, पुन्हा कर्ज. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

अशा माणसाला एक नाही, दोन आजार असतात. एक यकृताचा, म्हणजे लिव्हरचा. दुसरा व्यसनाचा. पहिल्यावर सलाईन, इंजेक्शनं होतात. दुसरा तसाच त्याच्याबरोबर घरी येतो.

दारूने आधी यकृतात चरबी साठते. तेव्हाच दारू पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत ती उतरू लागते. पुढे यकृताला सूज येते, कावीळ होते. त्याही पुढे यकृत निबर होतं, त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. पोटात पाणी, पायाला सूज, रक्ताची उलटी, बरळणं, ही तेव्हाची लक्षणं. पण या टप्प्यावरही दारू सोडणाऱ्याचं आयुष्य वाढतं. म्हणून "आता सोडून काय उपयोग" असं म्हणू नका. आणि ही कावीळ दारूची आहे, गळ्यात माळ घालून ती जात नाही.

मग दारू सोडवायची कशी? घरात कोंडून तर मुळीच नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावे लागतात. तिथे बी-१ जीवनसत्त्व देतात आणि त्रास आवरायला गोळ्या देतात. त्यातल्या काही गोळ्या आजारी यकृतातून लवकर बाहेर पडत नाहीत, अंगात साठतात. म्हणून डॉक्टरांना यकृताचा रिपोर्ट आधी दाखवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "नवऱ्याला न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती आपण वाचतो. चहात, भाजीत पुडी मिसळायची. ताई, हे करू नका. पुडीत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. दारू सोडवण्याचं डायसल्फिराम नावाचं जुनं औषध आहे. ते घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. शिवाय त्या औषधाने यकृतालाच इजा होऊ शकते. यकृत आधीच बिघडलेल्या माणसाला ते चोरून देणं म्हणजे जिवाशी खेळ.

अशा रुग्णांसाठी वेगळी औषधं आहेत. बॅक्लोफेन हे त्यातलं एक. इटलीतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिऱ्हॉसिस असलेले ८४ रुग्ण होते. हे औषध घेणाऱ्या ४२ जणांपैकी ३० जण दारूपासून दूर राहिले, नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ४२ पैकी १२ जण. समुपदेशन दोघांनाही होतं. पण यानेही झापड येते, आणि जो माणूस बरळतो त्याला ते चालत नाही. म्हणून गोळी कोणती, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगदुखीची गोळीसुद्धा मनाने देऊ नका.

घरी आपण काय करायचं? त्याला उपाशी ठेवू नका. डाळ, मूग, दूध, अंडं द्या, झोपण्याआधी थोडं खायला द्या. पोटात पाणी असेल तर मीठ, पापड, लोणचं कमी करा.

माणूस दवाखान्यात असतानाच डॉक्टरांना सांगा, "मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखवायचंय." नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. मन मोकळं करायला, सल्ला विचारायला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो, कारण या आजारात घरातली बाईही खचलेली असते.

आणि सोडलेली दारू पुन्हा सुरू झाली तर लपवू नका. मधुमेहाची साखर वाढली तर आपण लाजतो का? डॉक्टरांकडे जातो. तसंच इथेही जायचं. दोन्ही आजारांचे कागद एकाच पिशवीत ठेवा, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवा.