अत्तिरमपक्कम येथील अश्मायुधांतील स्थित्यंतर

चेन्नईच्या वायव्येस असलेल्या अत्तिरमपक्कम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली अश्मायुधे आढळली. तेथील खालच्या थरांत मोठ्या हातकुऱ्हाडी सापडतात. वरच्या थरांत त्या विरळ होत जातात आणि दगडाचा गाभा आधी योजनापूर्वक घडवून त्यापासून इच्छित आकाराचा छिलका काढण्याचे लव्हाल्वा तंत्र दृष्टीस पडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार हे स्थित्यंतर सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीचे होय. हे तंत्र आफ्रिकेतून आलेल्या आधुनिक मानवाने सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी वा त्यानंतर भारतात आणले, या मताला त्यामुळे बाध येतो. मात्र ते कोणी योजिले, हे सांगणाऱ्या मानवी अस्थी तेथे मिळालेल्या नाहीत. भाषा पालटली म्हणून लोकही पालटले, असे भाषाशास्त्र मानीत नाही. अश्मायुधांविषयीही तोच संयम पाळणे इष्ट होय.