ग्रास ट्रिमरने लॉनची कड सरळ कशी कापायची? आणि झाड कसं वाचवायचं?

आपल्या नागपुरात 'लॉन' म्हटलं की लोकांना आधी लग्नाचा हॉल आठवतो. पण आज आपण घरासमोरच्या छोट्या हिरवळीबद्दल बोलणार आहोत. पावसाळा लागला की हरळी पेव्हर ब्लॉकवर चढते आणि कड दिसेनाशी होते. ती सरळ करायला मी ग्रास ट्रिमर घेतला. कड छान झाली, पण त्याच मशिनने माझं संत्र्याचं झाड गेलं. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून हा लेख.

ट्रिमर कापतो कसा?

यात पातं नसतं, नायलॉनची दोरी असते. हेड वेगाने फिरलं की दोरी ताठ होते आणि तिचं टोक गवत तोडतं. समजा दोरी फिरते त्या वर्तुळाचा व्यास 30 सेंमी आहे आणि हेड मिनिटाला 7000 फेरे घेतं. तर टोकाचा वेग होतो ताशी सुमारे 400 किमी! म्हणून कापायचं ते फक्त टोकाने. दोरी गवतात खुपसली की वेग कमी होतो, ती तुटते आणि मोटार तापते.

कड कापण्याची पद्धत

1. वाफसा बघा. आपली काळी माती पावसात चिकटते आणि मे महिन्यात दगडासारखी होते. पाऊस उघडल्यावर वाफसा आला की काम सोपं जातं.

2. रेष आखा. दोन खुंट्यांना सुतळी बांधा आणि तिच्या बाजूने रांगोळी टाका. मग सुतळी काढून घ्या, नाहीतर ती हेडमध्ये गुंडाळते.

3. पहिली कड फावड्याने पाडा. ट्रिमर तयार कड राखतो. मातलेल्या हरळीतून नवी कड काढायला गेलात तर दोरीचं अख्खं बंडल संपेल.

4. हेड उभं करा. आडवी फिरणारी दोरी चाकासारखी उभी फिरली पाहिजे. टोक बोटाच्या पेरभर मातीत जाऊ द्या आणि रेषेवरून सावकाश, एका चालीने चाला. थांबलात की तिथे खड्डा पडतो.

5. फिरण्याची दिशा तपासा. हेडवर किंवा गार्डवर बाण असतो. खालचं टोक ज्या दिशेला जातं, तिकडे खडे उडतात. ते तुमच्या पायांकडे येत असतील तर मशीन बंद करा आणि हेड दुसऱ्या बाजूने उभं करा. गार्ड कायम तुमच्या आणि दोरीच्या मध्ये हवा.

दोरीची एक ट्रिक

उन्हाळ्यात पडून राहिलेली दोरी सुकून कडक होते आणि पटापट तुटते. नायलॉन पाणी शोषतो, म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा. जाडी मात्र पुस्तिकेत दिली असेल तीच वापरा.

माझी चूक

संत्र्याच्या बुंध्याशी वाढलेलं गवत मी दर पंधरवड्याला ट्रिमरने साफ करायचो. एक दिवस शेजारचे माळीकाका म्हणाले, "भाऊ, झाडाची साल काहून सोलली जी?" मला वाटलं, थोडंसं खरचटलं असेल. वाकून पाहिलं तर साल चारही बाजूंनी गेली होती.

पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. साल पूर्ण गोल सोलली की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून चूक कळत नाही. माझ्या झाडाची पानं दिवाळीपर्यंत पिवळी पडली आणि उन्हाळ्यात ते वाळलं. संत्र्याला तर दुसराही धोका असतो, जखमेतून डिंक्या रोगाची बुरशी शिरते. आपल्याकडचे बागायतदार खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती त्यासाठीच.

गंमत म्हणजे हे मशीन झाडाची साल वाचवायलाच जन्माला आलं होतं! 1971 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी कार वॉशचे गरगर फिरणारे ब्रश पाहिले. साल न दुखावता बुंध्याजवळचं गवत कापता येईल, असं त्यांना वाटलं. पॉपकॉर्नचा डबा आणि मासेमारीची दोरी वापरून त्यांनी पहिलं मशीन बनवलं. पण कोवळ्या झाडाची साल पातळ असते, तिला दोरीचा मारही पुरेसा होतो.

मग बुंध्याजवळ काय करायचं?

झाडाभोवती दीड-दोन फुटांचं आळं करा आणि त्यातलं गवत खुरप्याने काढा. आळ्यात वाळलेली पानं पसरा, पण खोडाला टेकवू नका. ट्रिमर आळ्याच्या बाहेरच्या कडेवरच फिरवा.

सुरू करण्याआधी

- गॉगल, फुल पँट आणि बंद बूट घाला.
- खडे, तारा वेचा आणि ठिबकची नळी बाजूला करा.
- मुलं, जनावरं आणि गाड्या 15 मीटर लांब ठेवा.
- दोरी बदलताना बॅटरी किंवा प्लग काढा.

यंदा मी नवं संत्र्याचं कलम लावलंय. यावेळी आळं आधी केलं, ट्रिमर नंतर काढला.