आधी झाडाचा डोळा, मग देवीची लस

‘इनॉक्युलेट’ हे इंग्रजी क्रियापद आज लसीशी जोडलेलं आहे. डॉक्टरांच्या हाती येण्याआधी मात्र ते बागवानांचं होतं. लॅटिनमध्ये ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, आणि फांदीवरची सुप्त कळीसुद्धा. एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसवायचा, हा या शब्दाचा मूळ अर्थ. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यात या पद्धतीचं वर्णन येतं. लॅटिनशी काही नातं नसताना आपले रोपवाटिकावालेही ‘डोळा भरणे’च म्हणतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जंबेरीच्या खुंटावर ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यायची, साल अलगद उचलून मोसंबीचा डोळा आत सरकवायचा, वर पट्टी बांधायची. सालीखाली वाढत्या पेशींचा पातळ थर असतो, कॅम्बियम. दोन्हीकडचे थर एकमेकांना भिडले की डोळा जगतो.

इमॅन्युएल टिमोनी या वैद्यानं कॉन्स्टँटिनोपलमधली देवी टोचण्याची रीत रॉयल सोसायटीला कळवली. 1714 साली छापल्या गेलेल्या त्या वृत्तांतात तिच्यासाठी बागवानांचा हाच शब्द आहे. कातडीला चीर आणि आत देवीच्या फोडातला किंचित पू, म्हणजे हाताची क्रिया अगदी माळ्याचीच! लेडी मेरी माँटेग्यू यांनी 1718 मध्ये तिथेच आपल्या मुलाला आणि 1721 मध्ये लंडनला मुलीला अशी देवी टोचून घेतली. रोग श्वासावाटे न शिरता कातडीतून गेल्यामुळे बहुधा सौम्य राही. एरवी देवीनं शंभरातले वीस-तीस दगावत, टोचलेल्यांपैकी दोन-तीन. तरी धोका होताच, शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना लागण होई. 1796 मध्ये जेन्नरनं गाईच्या देवीचा सुरक्षित मार्ग दाखवला, आणि ‘व्हॅका’ म्हणजे गाय या लॅटिन शब्दावरून ‘व्हॅक्सिनेट’ आलं.

चिरेपर्यंतची उपमा चपखल आहे, पण पुढे शरीर झाडासारखं वागत नाही. खुंट परक्या डोळ्याला पोसतो, त्याचीच फांदी होते. शरीर परक्या विषाणूला ओळखून संपवतं, उरते ती त्याची ओळख जपणाऱ्या पेशींची फौज.

शेतीत मात्र हे क्रियापद नव्या अर्थानं परतलं आहे. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळणं हेही इंग्रजीत ‘इनॉक्युलेट’ करणंच. हे जिवाणू मुळांत शिरतात, तिथे गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला पुरवतात.