माइक लावला, चाल अडली

मुंबईतल्या दिंडोशीच्या एका अंगाला चित्रनगरी, दुसऱ्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि मध्ये नागरी निवारासारख्या मोठ्या वसाहती. मालिका-चित्रपटांच्या कामाजवळ राहणाऱ्या संगीतकाराचा स्टुडिओ आता बेडरूमच्या कोपऱ्यात मावतो. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, हेडफोन आणि छोटा कीबोर्ड एवढ्यावर गाणं पूर्ण होतं. तरी फोनवर गुणगुणून ठेवलेल्या चालीत जी जान असते, ती तयार ट्रॅकमध्ये उतरत नाही, ही तक्रार नेहमीची. त्याची कारणं ओळखता येतात आणि बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत.

तीन मिनिटांची तबकडी

यंत्राने गाणं वाकवणं जुनंच आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हता. भोंग्यासमोर उभं राहून खणखणीत आवाजात गायचं आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. विस्ताराने मांडायचा राग त्यात बसवायचा म्हणजे आलाप आणि बढत दोन्हींना कात्री. बालगंधर्वांची पदं रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत फुलायची. तबकडीवर तीच काही मिनिटांत संपवावी लागत. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच.

मात्र ही मर्यादा आधीपासून ठाऊक असे. गायक ती धरूनच गाण्याची आखणी करून येई. आजची अडचण वेगळी आहे: कुठे थांबायचं, हे यंत्र सांगतच नाही.

न संपणारे पर्याय

मुंबईच्या जुन्या चित्रपटगीतांमध्ये वाद्यवृंद आणि गायक एकत्र रेकॉर्ड होत. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पेटीवर चाल पक्की करणं, सिटिंग, तालमी हे सगळं स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी उरकलेलं असे. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा १९६७ चा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. ट्रॅक भरले की ते एकत्र मिसळून जागा करावी लागे आणि मिसळलेलं पुन्हा सुटं होत नसे. निर्णय तिथल्या तिथे घ्यावाच लागे.

लॅपटॉपवर प्रत्येक निर्णय उद्यावर ढकलता येतो. अंतऱ्याची दुसरी ओळ सुचलेली नसते आणि आपण ढोलकीला रिव्हर्ब किती द्यायचा यात तासभर गुंततो. काम चालू आहे असं वाटतं, गाणं मात्र जागचं हलत नाही.

क्लिक आणि चढती लय

सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिला प्रश्न टेम्पोचा येतो. एक आकडा ठरतो आणि ठेका मोजणारी क्लिक शेवटपर्यंत त्याच गतीने टकटकत राहते. भजन, गोंधळ, लावणी यांत लय चढते आणि तो चढ हाच रंगाचा भाग असतो. क्लिकवर वाजवणारा ढोलकीवाला तो चढ दाबून ठेवतो. उपाय असा, की आधी ढोलकी आणि गाणं मोकळं रेकॉर्ड करावं, मग त्यावरून टेम्पोचा नकाशा तयार करावा. आजची बरीच सॉफ्टवेअर हे करतात.

कानात उशिरा येणारा आवाज

गायलेला आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येतो, त्याला वेळ लागतो. ४४,१०० हर्ट्झवर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ नमुन्यांचा असेल तर एका दिशेला सुमारे २३ मिलिसेकंद, म्हणजे जाऊन-येऊन ४६. एवढ्या उशिराने गाणारा गोंधळतो, समेवर येताना कचरतो आणि दोष स्वतःला देतो. बफर १२८ वर आणला तर जाऊन-येऊन सहाएक मिलिसेकंद उरतात. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे आवाज संगणकात न फिरता थेट ऐकण्याची सोय असल्यास तीच वापरावी. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा असला की गायक नकळत आवाज चोरतो. म्हणून एक कान उघडा ठेवून गाण्याची सवय उपयोगी पडते.

डोळ्यांनी ऐकणं

ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. आता सूर पडद्यावर रेघेसारखा दिसतो आणि रेघ वाकडी दिसली की हात तिच्याकडे जातो. असं सॉफ्टवेअर कडक लावलं तर ते आवाजाला बारा ठरलेल्या पट्ट्यांकडे खेचतं. मींड आणि गमक यांचा जीव तर त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत असतो. टेक ऐकताना पडदा बंद ठेवला तर कानाला खटकलं तेवढंच दुरुस्त होतं.

पंखा, कुकर, हायवे

कंडेन्सर माइक नाजूक आवाज टिपतो, तसाच पंखा, शेजारचा कुकर आणि हायवेचा हॉर्नही टिपतो. मग शांततेची वाट पाहत रात्रीचा एक वाजतो आणि तोवर उत्साह ओसरलेला असतो. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर आजूबाजूचं बरंचसं मागे पडतं आणि सुचलं त्या वेळी गाता येतं.

दोन वेळा वेगळ्या ठेवा

वरच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच. चाल सुचण्याच्या वेळीच यंत्र आपल्याला परीक्षक बनवतं. सुचणं आणि तपासणं ही दोन कामं एकाच बैठकीत आली की तपासणं वरचढ ठरतं.

१९८२ साली अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नमुना म्हणून रेकॉर्ड केली. पुढे पूर्ण बँड घेऊन ती स्टुडिओत करून पाहिली, पण घरच्या टेकमधली गोष्ट हाती आली नाही. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून बाजारात आली.

यातून घेण्यासारखे नियम सोपे आहेत:

- चाल पेटी किंवा गिटारवर मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत म्हणता येईपर्यंत लॅपटॉप उघडू नये.
- नेहमीच्या वाद्यांचं आणि माइकचं एक टेम्प्लेट तयार ठेवावं, म्हणजे जोडाजोडीत सुचलेलं विरत नाही.
- ट्रॅकची संख्या आधीच ठरवावी; पहिल्या मसुद्याला आठ पुरतात.
- रेकॉर्डिंगच्या दिवशी प्लगइन उघडू नये, मिक्सिंग दुसऱ्या दिवशी करावं.
- फोनवरचा पहिला टेक जपून ठेवावा आणि तयार ट्रॅक त्याच्याशी ताडून पाहावा. फोनवरचा सरस वाटला, तर नवा माइक घेण्याआधी ट्रॅकमधलं काय काढून टाकता येईल ते पाहावं.